पाण्यातली म्हैस आणि हमीचा शब्द



‘पाण्यात म्हैस, वर मोल’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हैस डबक्यात बसलेली असते आणि वर फक्त शिंगे दिसतात. ती लंगडी आहे की धडधाकट, दूध देते की आटली आहे, हे काही कळत नाही. तरी आपण काठावर उभे राहून तिचा भाव ठरवतो. म्हण जुनी आहे, पण तिच्यातला व्यवहार आज आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत चालतो. म्हशीच्या जागी आता कॉम्प्युटरचे सुटे भाग आले आहेत. कुणाला मुलाच्या अभ्यासासाठी जुना प्रोसेसर हवा असतो, कुणाला रॅम, कुणाला हार्ड डिस्क, तर कुणाला ग्राफिक्स कार्ड. नवे परवडत नाही. मग इंटरनेटवरची जाहिरात पाहून एखाद्या अनोळखी माणसाशी बोलणी होतात, फोटो येतो, भाव ठरतो, पैसे जातात. आणि जाहिरातीच्या शेवटी बहुधा एक ओळ असते : ‘जसे आहे तसे. वॉरंटी नाही.’

या ओळीचाच आज थोडा विचार करू या. ती एकदा लिहून टाकली की विकणाऱ्याची जबाबदारी संपते का? आणि विकत घेणाऱ्याने हमी असलेला महाग माल घ्यावा की हमी नसलेला स्वस्त? पहिला प्रश्न नीतीचा वाटतो आणि दुसरा हिशेबाचा. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्याचे उत्तर खरेपणाने दिल्याशिवाय दुसऱ्याचा हिशेबच मांडता येत नाही.

हमी किती प्रकारची असते?

अशा खरेदीत साधारणपणे चार प्रकार समोर येतात.

पहिला प्रकार म्हणजे कंपनीची उरलेली वॉरंटी. पेटीबंद विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरला आणि बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते. दोन वर्षे वापरून कुणी कार्ड विकले तर एक वर्ष उरते. पण हे वर्ष नव्या मालकाला मिळेलच असे नाही. काही कंपन्या वस्तूवरचा सीरियल नंबर पाहतात, काही मूळ बिल मागतात, तर काही फक्त पहिल्या ग्राहकालाच वॉरंटी देतात. परदेशातून आणलेल्या वस्तूची वॉरंटी बरेचदा येथे चालत नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला घाऊक दिलेला सुटा भाग बाहेर विकला गेला, तर त्याला ग्राहकाची वॉरंटी बहुधा नसतेच. एसएसडीच्या बाबतीत वर्षांबरोबर आणखी एक मर्यादा असते : ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डेटा लिहिला गेला, की मुदत शिल्लक असूनही वॉरंटी संपते. म्हणून ‘वॉरंटीत आहे’ एवढे ऐकून भागत नाही. सीरियल नंबर मागावा, कंपनीच्या वेबसाईटवर तपासावा, आणि बिल हाती आल्याशिवाय त्या वॉरंटीचे वेगळे पैसे मोजू नयेत.

दुसरा प्रकार म्हणजे विकणाऱ्याने स्वतः दिलेली मुदत. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जुने भाग विकणारे दुकानदार ‘चेकिंग वॉरंटी’ किंवा ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतात : इतक्या दिवसांत बिघडले तर बदलून देऊ. घरगुती विक्रेत्यानेही असे करायला हरकत नाही. आठ दिवसांची मुदत ऐकायला लहान वाटते, पण एखाद्या भागात दडलेला दोष जड कामाला लावल्यावर पुष्कळदा चार-आठ दिवसांत वर येतो. मात्र दुकानदार उद्याही त्याच जागी सापडतो. घरगुती विक्रेत्याचा फोन उद्या लागेल की नाही, हे सांगता येत नाही. म्हणून अशी हमी लिहून घ्यावी. साध्या मेसेजवर चार ओळी असल्या तरी चालेल.

तिसरा प्रकार म्हणजे जिच्यामार्फत व्यवहार होतो त्या कंपनीचे संरक्षण. काही ठिकाणी वस्तू पोहोचून तपासली जाईपर्यंत पैसे अडवून ठेवले जातात. पण आपल्याकडच्या पुष्कळशा जाहिरातींत कंपनी फक्त दोघांची गाठ घालून देते, पुढचे ज्याचे त्याने पाहायचे असते. आपण यांपैकी कोणत्या जागी आहोत, हे आधी पाहावे.

चौथा प्रकार म्हणजे काहीच हमी नाही, म्हणून भाव कमी.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात १९३० चा माल विक्री कायदा आहे. त्याच्या कलम १६ चा सर्वसाधारण नियम असा, की मालाच्या दर्जाची हमी कायदा आपोआप गृहीत धरत नाही. त्याला अपवाद आहेत, पण त्यांतले मुख्य अपवाद त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतात. घरातले जुने कार्ड एकदाच विकणारा माणूस बहुधा त्यांत बसत नाही. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा आणि ऑनलाईन विक्रीचे नियम २०२० चे. पण नेमाने धंदा म्हणून न करता कुणी वैयक्तिक नात्याने वस्तू विकली, तर ते ऑनलाईन विक्रीचे नियम लागू होत नाहीत, असे त्या नियमांतच म्हटले आहे. एक गोष्ट मात्र प्रत्येक विक्रेत्यावर बंधनकारक धरली जाते : वस्तू विकण्याचा त्याला हक्क असला पाहिजे. चोरीचा माल ‘जसा आहे तसा’ म्हणून विकता येत नाही.

मग दोष ठाऊक असून गप्प बसले तर? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ खाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. घोडा आजारी आहे हे मालकाला ठाऊक आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि काही बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालतो, आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते.

या तिसऱ्या उदाहरणातून प्रत्येक खरेदीदाराने एक शहाणपण घ्यावे. सरळ विचारावे : ‘याच्यात तुम्हाला ठाऊक असलेला काही दोष आहे का? कधी दुरुस्त केले आहे का? दिवसरात्र चालवले आहे का?’ हे प्रश्न लेखी विचारावेत. विचारल्यावर गप्प राहणे किंवा खोटे बोलणे ही गोष्ट निराळी होते.

पण दुसऱ्या उदाहरणाने आम्हाला अधिक विचार करायला लावले. घेणारी मुलगी असेल तर सांगायचे, आणि परका असेल तर नाही! कायद्याने आखलेली ही रेघ आपण समजू शकतो. सगळ्या माणसांना एकमेकांची मुलेबाळे माना, असे कायदा सांगू शकत नाही. पण ज्या समाजात आपण एकमेकांना बंधू-भगिनी म्हणतो, त्याला ही रेघ पुरेशी वाटते का?

दोन हजार वर्षांचा जुना वाद

हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याने दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडला आहे. एक बॅबिलोनचा डायोजिनीस, आणि दुसरा त्याचाच शिष्य अँटिपेटर, जो पुढे ज्या तार्ससमध्ये संत पौल जन्मला त्याच गावचा. समजा, एक माणूस घर विकतो. लाकडे कुजकी आहेत, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्याने सांगावे का? डायोजिनीसचे म्हणणे असे, की कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगावेत. बाकीचे न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. अँटिपेटरचे म्हणणे असे, की विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यापासून लपता कामा नये. सिसेरोने अँटिपेटरची बाजू घेतली.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महान ग्रंथात खरेदी-विक्रीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांनी फार व्यवहारी भेद केले आहेत. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर सांगितलेच पाहिजे. न सांगता केलेली विक्री अन्यायाची, आणि भरपाई द्यावी लागते. मग बाजारात दवंडी पिटून दोष जाहीर करावा का? त्याची गरज नाही, असे ते म्हणतात, कारण दोष ऐकूनच लोक पळतील आणि वस्तूचे गुण पाहणारच नाहीत. पण जो प्रत्यक्ष घ्यायला येतो त्याला दोष सांगावा, म्हणजे तो गुणदोष दोन्ही तोलून पाहील. आजच्या जाहिरातीलाही हे किती लागू पडते पाहा. जाहिरातीत सगळा इतिहास मावणार नाही, पण फोनवर आलेल्या गिऱ्हाइकाला तो कळला पाहिजे.

येथे आणखी एक बारकावा आहे. सिसेरोच्या ग्रंथातच धान्य घेऊन दुष्काळी ऱ्होड्स बेटावर आलेल्या व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. सांगितले तर भाव पडेल. सिसेरोच्या मते हेही त्याने दडवू नये. असाच प्रश्न अक्वायनस यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी म्हटले की चालू भावाने विकणे न्यायाला सोडून नाही. सांगितले तर मात्र ते अधिक थोर वर्तन होईल. या फरकामागचे कारण सरळ आहे. मागून येणारी जहाजे ही बाजाराची गोष्ट आहे, धान्यातला दोष नव्हे. आपल्या भाषेत सांगायचे तर : पुढच्या महिन्यात नवे मॉडेल येऊन भाव उतरणार आहे, हे सांगण्याचे न्यायाचे बंधन विकणाऱ्यावर नाही. पण कार्ड तापल्यावर पडद्यावर रेघा येतात, हे सांगण्याचे बंधन आहे. पहिली बातमी कुणालाही शोधून मिळते. दुसरी फक्त त्याच्याच घरात आहे.

न कळणारे आणि कळलेले

आता ‘वॉरंटी नाही’ या शब्दांकडे पुन्हा वळू. प्रत्येक विक्रीत दोन गोष्टी असतात. एक, पुढे काय होईल ते. हे कुणालाच ठाऊक नसते. चांगला चालणारा भाग उद्या बंद पडू शकतो. दुसरी, आजवर काय झाले ते. हे विकणाऱ्याला ठाऊक असते. ‘वॉरंटी नाही’ म्हणून आपण पहिल्या गोष्टीचा भार दुसऱ्यावर सोपवू शकतो. त्यात अन्याय नाही. भावही त्या मानाने कमी होतो. पण दुसऱ्या गोष्टीचा भार असा सोपवता येत नाही. जे ठाऊक आहे ते सांगण्याचे ऋण ‘जसे आहे तसे’ या तीन शब्दांनी फिटत नाही. उलट ‘तसे’ म्हणजे कसे, हे सांगितले तरच त्या तीन शब्दांना अर्थ येतो.

हे हिशेबातूनही दिसते. समजा, एक ग्राफिक्स कार्ड बिलासह आणि दहा महिन्यांच्या वॉरंटीसह १२,००० रुपयांना मिळते. तसेच दुसरे, बिल नाही, वॉरंटी नाही, ९,००० रुपयांना. ३,००० रुपये वाचतात. आपण अंदाज केला, की अशा पाच कार्डांतले एक दहा महिन्यांत बंद पडेल. मग ९,००० चा पाचवा हिस्सा, म्हणजे १,८०० रुपयांचा धोका आपण पत्करतो आणि ३,००० वाचवतो. सौदा फायद्याचा दिसतो. ज्याला कार्ड बिघडले तर दुसरे घेता येईल, त्याने तो खुशाल करावा. पण ज्या घरात हे ९,००० रुपये पतपेढीच्या कर्जातून आले आहेत, आणि कार्ड गेले तर मुलीचा ॲनिमेशनचा कोर्स अर्धवट राहणार आहे, तिथे हा सरासरीचा हिशेब उपयोगाचा नाही. त्यांनी ३,००० जास्त देऊन वॉरंटी घ्यावी. किंवा कमी ताकदीचे, पण हमीचे कार्ड घ्यावे. हमी म्हणजे आपल्याला न पेलणारा धोका पेलणाऱ्याच्या खांद्यावर देणे. तिची किंमत प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावी.

पण या हिशेबात एक गोष्ट आपण गृहीत धरली होती : पाचात एक. हा अंदाज खरा ठरतो तो दोघेही सारख्याच अंधारात असतील तर. विकणाऱ्याला जर ठाऊक असेल की हे कार्ड दोन वर्षे बंद खोलीत दिवसरात्र आभासी चलन काढण्यासाठी चालवले आहे, तर घेणारा पाचात एक धरतो आणि विकणारा मनात वेगळाच आकडा धरून बसतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि अशा कामाला लावलेली पुष्कळ कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. ती सगळी खराब होती असे नाही. सांगून, योग्य भावाने ती विकता येत होती. पण न सांगता ‘घरी थोडे वापरलेले’ म्हणून विकले, की घेणाऱ्याच्या हातून हिशेबच काढून घेतला जातो. तो धोका पत्करतो खरा, पण कोणता धोका पत्करतो आहे, हे त्याला ठाऊक नसते.

विकत घेणाऱ्याचे कर्तव्य

आतापर्यंत आपण विकणाऱ्याकडे बोट दाखवले. पण फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक भेटते. घासाघीस करताना ते मालाला नावे ठेवते आणि घरी जाताना सौद्याची फुशारकी मारते. आजही कुणी चेकिंगची मुदत मिळाली म्हणून वस्तू नेतो, आपल्या चुकीने प्रोसेसरच्या पिना वाकवतो आणि ‘अशीच मिळाली’ म्हणून परत आणतो. कुणी चांगला भाग ठेवून घेऊन आपला बिघडलेला परत करतो. हमी देणाऱ्या माणसाच्या विश्वासाची ही चोरी आहे. तिच्यामुळेच पुढच्या वेळी तो ‘वॉरंटी नाही’ असे लिहितो, आणि भुर्दंड पडतो तो नंतर येणाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला.

अक्वायनस आणखी पुढे जातात. विकणारा अजाणतेपणी सोने तांब्याच्या भावाने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर घेणाऱ्याने ते परत केले पाहिजे. पती वारल्यावर एखादी भगिनी त्यांचा कॉम्प्युटर अडगळ म्हणून काढते. आतल्या भागांची किंमत तिला ठाऊक नाही, आपल्याला आहे. दोन हजारांत उचलून आणणे कायद्यात बसेलही. न्यायात बसत नाही.

आणि ज्याला दोष खरोखरच ठाऊक नव्हता त्याचे काय? त्याच्याकडून पाप घडलेले नाही, असे अक्वायनस म्हणतात. पण दोष मागाहून कळला, की नुकसान भरून देणे त्याचे कर्तव्य ठरते. नव्याने उद्भवलेल्या बिघाडाची ही गोष्ट नाही. विक्रीच्या वेळी असलेल्या, पण न दिसलेल्या दोषाची ही गोष्ट आहे. कागदावरची वॉरंटी आठ दिवसांनी किंवा तीन वर्षांनी संपते. सदसद्विवेकबुद्धीच्या या हमीवर तारीख नसते.

व्यवहारात काय करावे?

शक्य तर वस्तू चालू असताना पाहावी. हार्ड डिस्क किती तास चालली आहे आणि तिच्यात खराब जागा किती आहेत, हे फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने दोन मिनिटांत कळते. रॅमची चाचणी घेता येते, ग्राफिक्स कार्ड अर्धा तास जड कामाला लावून पाहता येते. विकणाऱ्याने या गोष्टींना आढेवेढे घेऊ नयेत. वस्तू न पाहता आगाऊ पैसे पाठवू नयेत. आपल्याला पैसे मिळण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगावे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

विकणाऱ्याने चार ओळींचा कागद द्यावा : वस्तू कधी घेतली, कशासाठी वापरली, काय दुरुस्त केले, कोणता दोष ठाऊक आहे. त्याखाली ‘यापुढची हमी नाही’ असे लिहिले तरी त्या कागदाला कुणी नावे ठेवणार नाही.

या आठवड्यात घरातली एखादी जुनी वस्तू विकायला काढली असेल, तर स्वतःला तीन प्रश्न विचारू या. मला ठाऊक असलेले सगळे घेणाऱ्याला ठाऊक आहे का? ते कळल्यावरही त्याने हाच भाव दिला असता का? आणि घेणारी माझी मुलगी असती, तर मी तिला आणखी काय सांगितले असते? तिसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर येईल, ते फोन उचलून त्या परक्या माणसाला सांगावे.

आपले धर्मगुरू